आधी फोटो, मग दाढी

मंजूरमामांचं खरं नाव त्यांच्या पगारपत्रकावर होतं आणि जवळपास तिथंच होतं. हॉस्पिटलात कुणी त्यांना त्या नावानं हाक मारली असती, तर मामांनीही मागे वळून पाहिलं असतं, की बुवा हा कोण नवा आला. मंजूरमामा हे नाव पेशंटांच्या नातेवाइकांनी ठेवलेलं. दिवसभर जो तो त्यांच्या खिडकीशी येऊन एकच विचारायचा, "मामा, मंजूर झालं का?" आणि मामा कीबोर्डवरचं बोट न उचलता म्हणायचे, "होतंय, होतंय. सरकार आहे ते, चहा नाही लगेच उकळायला."

मामांचं काम सांगायला सोपं आणि करायला महाकिचकट. ज्याच्याकडे योजनेचं कार्ड आहे, त्याच्या ऑपरेशनचा खर्च सरकार हॉस्पिटलला देतं, इतकंच ते काम. पण सरकार ते सहजासहजी देत नाही. आधी परवानगी मागायची, मग ऑपरेशन, मग सगळे कागद कॉम्प्युटरवर चढवायचे, मग तिकडे बसलेला कुणीतरी शंका काढणार, तिचं उत्तर दिलं की त्याला दुसरी शंका सुचणार. ह्या शंकेला त्या धंद्यात क्वेरी म्हणतात. मामांच्या घरी हा शब्द इतका रुळला होता, की मामांनी जेवताना मिठाचं नाव काढलं की मामी म्हणायच्या, "क्वेरी नको. जेवा."

योजनेची खोली जिन्याखाली होती. तिचं छप्पर एका बाजूला उतरत गेलेलं, त्यामुळे उंच माणसाचं डोकं आपटायचंच. मामांची उंची मात्र खोलीला मापून घेतल्यासारखी होती. त्यांच्या डोक्यावरून दिवसभर माणसं चढायची-उतरायची. काम करता करता मामा कान वर करायचे आणि म्हणायचे, "हा कोपऱ्यातला गुडघा निघाला बघा घरी. पाय टेकतोय चांगला." मग त्यांना आपल्याच गुडघ्याचं कुणीतरी कौतुक केल्यासारखं वाटायचं.

त्यांच्या टेबलाच्या खालच्या खणात टाचण्या, शिक्के आणि चिकटपट्टी असायला हवी होती. तिथं वस्तरा होता. शिवाय कात्री, कंगवा, दाढीचा ब्रश, तुरटीचा खडा, नव्या ब्लेडची पाकिटं आणि स्वच्छ धुतलेला एक पंचा. योजनेच्या पेशंटचे दोन फोटो लागायचे, एक भरती होताना आणि एक घरी जाताना. भरती झाला तोच माणूस बरा होऊन गेला, भलताच कुणी नाही, हे सरकारला कळावं म्हणून. भरतीच्या फोटोचं मामांना काही करता यायचं नाही. माणूस विव्हळतच यायचा, तसाच तो फोटोत उतरायचा. जातानाचा फोटो मात्र त्यांचा होता. डिस्चार्जच्या दिवशी मामा तो खण उघडायचे, पंचा खांद्यावर टाकून वर जायचे आणि पेशंटची हनुवटी दोन बोटांनी उचलून म्हणायचे, "घरी चाललात ना? मग हॉस्पिटलातून चाललात असं कशाला दिसायला हवं?" बायकांसाठी ते सिस्टरकडून आरसा आणि कंगवा मागवायचे आणि स्वतः पाठ करून उभे राहायचे. मग सगळं झालं की कॅमेरा धरून त्यांचं ठरलेलं वाक्य, "आता जरा हसा." आणि माणसं हसायचीच. मामांच्या कॉम्प्युटरमधले ते फोटो पाहिले तर एखाद्याला वाटावं, हे हॉस्पिटल नव्हे, लग्नाचं कार्यालय आहे.

ही खोड त्यांना कुठून लागली ते सांगायला हवं. मामांच्या वडिलांचं केस कापायचं दुकान होतं. दोन खुर्च्या, तीन आरसे आणि कायम चालू असलेला रेडिओ. मामा तिथंच हात चालवायला शिकले, आणि हात इतका हलका की गिऱ्हाईक वडिलांची खुर्ची रिकामी असताना पोराची वाट बघत बसायचं. पण पोराला ऑफिसात बसायचं होतं. वडील म्हणाले, "खुर्चीच हवी ना तुला? मग ही काय वाईट आहे? ही तर फिरतेसुद्धा." पोरानं ऐकलं नाही. पुढे वडील आजारी पडले, हॉस्पिटलात राहिले आणि बरे होऊन रिक्षातून घरी आले. गालावर खुरटं रान माजलेलं, केस कानावर आलेले. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा वळली तसा त्यांनी खिशातला रुमाल काढून तोंडावर धरला. सगळ्या गल्लीच्या हनुवट्या ज्यानं गुळगुळीत केल्या, त्याला त्याच गल्लीतून तोंड झाकून यावं लागलं. घरात शिरल्या शिरल्या मामांनी वस्तरा काढला. दाढी झाली, वडिलांनी गालावरून हात फिरवला आणि म्हणाले, "हां. आता घरी आलो."

मामांनी ही गोष्ट मामींखेरीज कुणालाही सांगितली नव्हती. पण वस्तरा त्यांनी दुसऱ्याच दिवशी ऑफिसात नेऊन ठेवला.

आता रंगाऱ्याकडे येऊ.

रंगारी म्हणजे घरं रंगवणारा. एकेकाळी तीन मजली शिडीवर एका हातात डबा नि एका हातात ब्रश घेऊन गाणी म्हणणारा गडी. त्याच्या दोन्ही खुब्यांचे सांधे झिजून गेले आणि तो आधी शिडीवरून, मग स्टुलावरून आणि शेवटी अंथरुणावरून उठेनासा झाला. त्याला घेऊन आली त्याची थोरली बहीण. सगळे तिला ताई म्हणायचे, कारण दुसरं काही म्हणायची कुणाची छाती नव्हती. भाऊ तिच्याच घरी राहायचा. तिचं बोलणं ऐकून वाटायचं की त्याच्यावर तिचा भयंकर राग आहे, आणि तिचं वागणं पाहून कळायचं की त्याच्यावाचून तिला दुसरं काही नाही.

"दाढी का नाही केली रे?" मामांनी पहिल्याच दिवशी विचारलं. हा प्रश्न फॉर्मात नव्हता.

"आरशासमोर उभं राहता येत नाही, मामा," रंगारी म्हणाला. "आणि बघायचं तरी काय?"

दाढी छातीपर्यंत आली होती. त्यावर डोळे आत गेलेले, गालफडं बसलेली. अंगठ्याच्या यंत्रावर त्याचा अंगठा उठेना. एक बोट झालं, दुसरं झालं, दहाही झाली. चुना, पॉलिशपेपर आणि थिनर यांनी बोटांवरच्या रेषा कधीच खाऊन टाकल्या होत्या. अशा माणसाची ओळख मग फोटोवरच ठरते. मामांनी कॅमेरा काढला आणि खुर्ची पुढे केली.

"बसलो तर उठणार नाही," रंगारी म्हणाला. "उभ्यानंच काढा." त्यानं दाराची चौकट धरली, दात आवळले आणि मामांनी तो फोटो काढला. काढताना त्यांनी नजर जरा बाजूला केली होती, तरी फोटो नीट आला.

आधी उजवा खुबा करायचा, तो बरा झाला की डावा, असं हॉस्पिटलच्या मालकीण आणि सर्जन असलेल्या मोठ्या मॅडमनी ठरवलं होतं. उजवा झकास झाला. डिस्चार्जच्या दिवशी मामा खण उघडून वर गेले. त्या दिवशी त्यांच्या हाताला जे स्फुरण चढलं ते काही औरच. आधी कात्रीनं रान उतरवलं, मग केस, मग फेस, मग वस्तरा. दाढीखालून एक चांगला देखणा, किंचित मिश्कील माणूस निघाला. ताई औषधं घेऊन आत आली, थबकली आणि म्हणाली, "आमच्या पेशंटला कुठं हलवलं?"

सगळा वॉर्ड हसला. रंगारी हसताना मामांनी फोटो काढला. आपल्या उभ्या नोकरीतला हा सगळ्यात सुंदर फोटो, असं त्यांनी घरी जाऊन मामींना सांगितलं.

तोच फोटो त्यांच्या मुळावर आला.

क्वेरी आली ती डाव्या पायाची परवानगी मागितली तेव्हा. भरतीचा आणि डिस्चार्जचा रुग्ण एकच असल्याचे दिसून येत नाही, कार्ड तात्पुरते बंद करण्यात येत आहे, हॉस्पिटलने खुलासा करावा. मामांनी ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. कॉम्प्युटर दोन चेहरे शेजारी शेजारी ठेवून ताडून बघतो आणि त्याला हे दोघं सख्खे भाऊसुद्धा वाटले नव्हते. खरं सांगायचं तर मामांनाही वाटले नाहीत.

खुलासा मॅडमच्या सहीनं जायचा होता. मॅडमनी तो हातात घेतला आणि मोठ्यानं वाचला. "'सदर रुग्णाची डिस्चार्जपूर्वी दाढी करण्यात आली होती.' कुणी केली?"

"मी," मामा म्हणाले.

"तुम्ही? आपल्या योजनेच्या खोलीत न्हाव्याचं सामान आहे?"

"खालच्या खणात."

मॅडम स्वभावानं वाईट नव्हत्या, पण त्यांच्या डोळ्यांसमोर हॉस्पिटलचं नाव योजनेच्या यादीतून गेलेलं दिसत होतं. ते गेलं तर निम्मे पेशंट दारातून परत जाणार. "बोगस पेशंट दाखवला असा अर्थ होतो याचा, कळतंय का?" त्या म्हणाल्या. "आजपासून हे बंद. सामान माझ्या कपाटात आणून द्या." मामांनी पंच्यात सगळं गुंडाळलं आणि नेऊन दिलं. तुरटीचा खडा तेवढा खणात राहून गेला, की ठेवला, देव जाणे.

खुलाशासोबत ऑपरेशनच्या व्रणाचा फोटो गेला, आत बसवलेल्या सांध्याचे एक्स-रे गेले. उत्तर आलं, आणि ते अर्धं गोड होतं. खुलासा मान्य. हॉस्पिटलवर ठपका नाही. मात्र कार्ड पुन्हा सुरू होण्यासाठी भरतीच्या फोटोशी जुळणारा नवा फोटो तपासणी अधिकाऱ्यासमोर काढावा लागेल. अधिकारी पुढच्या फेरीला येतील.

म्हणजे रंगाऱ्याला पुन्हा दाढी वाढवायला हवी होती. तोवर डावा पाय कुलूपबंद.

हे सांगायला मामा स्वतः गेले. ताईच्या घराशी आले आणि दारातच थांबले. दाराचा खालचा अर्धा भाग झकास निळ्या रंगानं रंगवलेला, वरचा अर्धा पोपडे सुटलेला, जुना तपकिरी. रंग जिथं संपला होता तिथली रेघ मात्र दोरी लावल्यासारखी सरळ.

"बसून जिथवर हात पोचला तिथवर रंगवलं," आतून रंगाऱ्याचा आवाज आला. "बाकीचं डाव्या पायावर अवलंबून आहे. कधी घेताय भरती?"

त्याचा चेहरा गुळगुळीत होता. रोज सकाळी आरसा मांडीवर घेऊन तो दाढी करत होता, कधी नव्हे ते. मामांनी घसा साफ करून सगळं सांगितलं. रंगाऱ्यानं गालावरून हात फिरवला. ताई मात्र गप्प बसणारी नव्हती.

"म्हणजे तुम्ही त्याचं थोबाड चकचकीत केलंत म्हणून त्याचा पाय अडला?"

"हो, ताई."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

"बरं दिसत होतं पण," ताई म्हणाली, आणि आपण हे का बोललो म्हणून आणखीच चिडून चहा टाकायला निघून गेली.

त्या दिवसापासून रंगाऱ्याच्या दाढीकडे जितकं लक्ष दिलं गेलं तितकं कुणी परीक्षेला बसलेल्या पोराकडेही दिलं नसेल. ऑफिस सुटलं की मामांची पावलं ताईच्या घराकडे वळायची. ते रंगाऱ्याला उजेडात बसवायचे, हनुवटी उचलायचे आणि म्हणायचे, "उजव्या गालावर विरळ आहे. तेल लाव." खुंट आले, खुंटांची दाढी झाली, तरी मामांचं समाधान होईना. ताई एकदा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माझ्या भावाच्या तोंडावर शेती करताय का? खत आणू?"

रंगारी हसायचा, पण त्याचं हसणं हल्ली मध्येच तुटायचं. नवा उजवा पाय चालायला उतावीळ आणि डावा जागचा हलेना. वॉकर धरून तो दारापर्यंत यायचा, वरच्या तपकिरी भागाकडे बघायचा आणि परत फिरायचा. मामांना ते दिसायचं. कुणाचं काही बिघडवायचं तर सोडाच, मुंगीवर पाय पडला तरी हळहळणारा माणूस तो. आपल्या चांगल्या हातानं एका माणसाला लंगडं ठेवलं, हे त्यांच्या मनातून जाईना.

इकडे हॉस्पिटलात माणसं तशीच घरी जात होती, जशी इतर हॉस्पिटलांतून जातात. मामा फोटो काढायचे, पण "जरा हसा" म्हणायचे नाहीत. पेशंट कॅमेऱ्याकडे बघायचे ते पोलिसाकडे बघितल्यासारखे. जिन्यावर पावलं वाजली तरी मामांचा कान वर होईना.

"अहो, किती दिवस तोंड पाडून बसणार?" मामी एकदा म्हणाल्या.

"चुकलंच ना माझं."

"चुकलं ना. दाढी केलीत ते नाही चुकलं, आधी केलीत ते चुकलं. एवढं साधं कळत नाही? आधी फोटो काढायचा, मग काय त्याचा चकोट करा नाहीतर वेणी घाला."

मामा ताटावरून उठून उभेच राहिले. इतक्या वर्षांत हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण फोटो सरकारसाठी असतो हे ते केव्हाच विसरून गेले होते. "बसा आता," मामी म्हणाल्या. "क्वेरी सुटली. जेवा."

तपासणी अधिकारी आले तेव्हा त्यांचं डोकं जिन्याखालच्या छपराला आपटलं. ओळख तिथूनच झाली. उंच, सडसडीत, कामाला चोख आणि बोलायला मोजका माणूस. चहा नको म्हणाले, मग घेतला. रंगारी वॉकरवर आला आणि खुर्चीत बसला, मागे ताई. दाढी आता छातीपर्यंत नव्हती, पण होती घनदाट. मामांनी ती सकाळी जाऊन मुद्दाम विस्कटून ठेवली होती. जन्मात त्यांनी असं पाप केलं नव्हतं.

"फोटो हॉस्पिटलच्याच माणसानं काढायचा," अधिकारी म्हणाले, "माझ्यासमोर, ह्या टॅबवर. तो लगेच सांगतो."

मामांनी टॅब धरला. रंगाऱ्यानं मामांकडे पाहिलं आणि त्याला हसू आलं. मामांनी कॅमेरा धरला की हसायचं, हे त्यानं एकदाच केलं होतं, पण अंगवळणी पडलं होतं. टॅबवर लाल अक्षरं आली. जुळत नाही.

"हसू नका," अधिकारी म्हणाले.

रंगाऱ्यानं हसू दाबलं. लाल. गाल आत ओढले. लाल. डोळे बारीक केले, तेव्हा तो उन्हात उभा राहिलेल्या बोकडासारखा दिसला आणि ताईच म्हणाली, "तसं नको." लाल. अधिकाऱ्यांनी जुना फोटो मोठा करून पाहिला आणि मान हलवली. "तुम्ही तेच आहात हे मला दिसतंय हो," ते म्हणाले, आणि त्यांना वाईट वाटत होतं हे आवाजात कळत होतं. "पण कुलूप माझ्या शब्दावर उघडत नाही. तब्येत सुधारलीय तुमची. गाल भरलेत. मी तसा शेरा लिहितो, पुढच्या फेरीला काही मार्ग निघतोय का बघू."

पुढची फेरी म्हणजे पुन्हा तेच. ताईनं पदराचं टोक मुठीत धरलं. मामांच्या हातातला टॅब खाली आला.

"थांबा, साहेब," रंगारी म्हणाला. तो टॅबवरच्या जुन्या फोटोकडे निरखून बघत होता, भिंतीचा रंग जुळवताना बघतात तसा. "त्या दिवशी मी बसलो नव्हतो. चौकट धरून ह्या पायावर उभा होतो."

त्यानं खुर्चीचा हात धरून अंग उचललं. वॉकर ताईकडे सरकवला. दाराची चौकट डाव्या हातानं पकडली.

"अरे, नको," मामा म्हणाले.

"मामा, टॅब वर घ्या."

"नको म्हणतोय ना मी. पुढच्या वेळी बघू."

"घ्या वर. किती वेळ उभा राहू?"

मामांनी टॅब वर घेतला. रंगाऱ्यानं नवा पाय जमिनीवरून किंचित उचलला आणि सगळा भार डाव्या खुब्यावर सोडला. दाढीच्या वर डोळे आत गेले, गालफडं बसली, दात आवळले गेले. मामांच्या समोर तोच भरतीच्या दिवशीचा माणूस उभा होता. ह्यावेळी त्यांना नजर बाजूला करता येणार नव्हती, नाहीतर फोटो हलला असता. आयुष्यभर माणूस बरा दिसेपर्यंत थांबणारे मामा, ते त्या दिवशी माणसाला पुरतं दुखेपर्यंत थांबले आणि बटण दाबलं.

हिरवी अक्षरं आली. अधिकाऱ्यांनी वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं. "जुळलं," ते म्हणाले. "कार्ड सुरू झालं. परवानगीचा अर्ज आजच टाका."

ताईनं वॉकर न देता भावाला खांद्याशी धरलं आणि खुर्चीत बसवलं. रंगाऱ्याच्या कपाळावरून घाम निथळत होता. मामा टॅब हातात घेऊन तसेच उभे होते, हिरवी अक्षरं विझली तरी त्याच्याकडेच बघत. रंगाऱ्यानं ते पाहिलं. त्यानं श्वास घेतला आणि मामांना डोळा मारला.

"काय मामा, कसं झालं नाटक? दुखलं-बिखलं काही नाही हं. सिनेमात जायला हवं होतं मी."

"झकास झालं," मामा म्हणाले आणि पाणी पिण्याच्या निमित्तानं बाहेर गेले. बाहेर बराच वेळ नळ नुसताच वाहत होता.

डावा खुबाही चांगला झाला. मोठ्या मॅडमचा हात त्याबाबतीत मामांच्या हाताइतकाच हलका होता. वॉर्डात व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याला दोन पायांवर उभं केलं तेव्हा तो म्हणाला, "मी एवढा उंच होतो?" पुढे तो व्हरांड्यात फेऱ्या मारायला लागला आणि भिंतीकडे बघून हे कुणी रंगवलं म्हणून नाकं मुरडायला लागला, तेव्हा आता ह्याला घरी पाठवायला हवं हे सगळ्यांनी ओळखलं.

मामींची युक्ती मामांनी मॅडमच्या कानावर घातली होती, पण सामान काही परत मिळालं नव्हतं, म्हणून डिस्चार्जच्या दिवशी मामा वर गेले ते फक्त कॅमेरा घेऊन. रंगारी खाटेच्या कडेला बसला होता, दाढी विंचरून, शर्टाची वरची बटणं लावून. फोटो काढला. चढवला. जुळला. मामांनी कॅमेरा बंद केला आणि काय करावं हे न कळून उभे राहिले.

"आणि?" रंगारी म्हणाला.

"आणि काय? झालं. निघा आता घरी."

"असा? ह्या तोंडानं?"

मामा काही बोलणार तेवढ्यात दारातून मॅडम आल्या. त्यांच्या हातात पंच्याचं गाठोडं होतं. त्यांनी ते मामांच्या हातात दिलं. "आधी फोटो झाला ना?" त्यांनी विचारलं.

"झाला, मॅडम."

"मग बघताय काय? खाट रिकामी व्हायला हवी मला," असं म्हणून त्या पुढच्या पेशंटकडे गेल्या. जाताना हसत होत्या की काय, ते मामांना दिसलं नाही, कारण ते आधीच पंचा झटकत होते.

सिस्टरनी गरम पाणी आणलं. ताई पायथ्याशी स्टुलावर बसली आणि तिनं सुरुवातीलाच बजावून ठेवलं, की मिशी ठेवायची, मागच्या वेळी ती काढलीत ते काही तिला आवडलं नव्हतं. मामांनी ब्लेड बदललं, कात्री चालवली, खाली जाऊन खणातला तुरटीचा खडा घेऊन आले. फेसाचा वास वॉर्डभर पसरला. पलीकडच्या खाटेवरचे आजोबा आपल्या खुंटांवरून हात फिरवत आपला नंबर कधी म्हणून बघत होते. मामांचा हात पूर्वीसारखाच हलका चालत होता. रंगाऱ्यानं डोळे मिटले होते.

"घरी गेलो की पहिलं दार," तो फेसातून म्हणाला. "वरचा अर्धा."

"आधी महिनाभर शिडीला हात लावायचा नाही," ताई म्हणाली.

"शिडी कशाला? उभा राहिलो की हात पोचतो."

ताईनं तोंड फिरवलं आणि पदर डोळ्यांना लावला. मग कुणी बघितलं नाही ना म्हणून सगळ्यांकडे रागानं पाहिलं. पिशवी भरायची राहिली म्हणून उठून खिडकीकडे गेली आणि एकच टॉवेल तीनदा घडी करत बसली.

मामांनी एक गाल संपवला. दुसऱ्या गालापाशी आले तेव्हा रंगाऱ्यानं डोळे उघडले. मामांचा चेहरा अगदी जवळ होता. ताईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात तो म्हणाला, "मामा, त्या दिवशी नाटक नव्हतं हं."

"माहीत आहे," मामा म्हणाले. "गाल फुगव."